भट्टीजवळचे भूत

मुंबईहून पुण्याला जाणारा जुना मार्ग पनवेलवरून जात असे. उतारू आणि माल मुंबईहून होड्यांनी पनवेलच्या खाडीत येत आणि तेथून बैलगाड्या बोरघाटाची वाट धरीत. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा ही वर्दळ आणखीच वाढली. घाटाचा चढउतार म्हणजे गाडीच्या चाकांची खरी कसोटी. त्यामुळे चाके तयार करण्याचा धंदा पनवेलीस इतका भरभराटीला आला, की एकोणिसाव्या शतकात तोच या गावाचा मुख्य धंदा गणला जाई. देशावरून आलेले गाडीवान परत जाताना पनवेलची चाके विकत घेऊन जात.

सुताराने केलेले चाक कितीही उत्तम असले, तरी त्यावर लोखंडाची पट्टी चढविल्यावाचून ते खडकाळ वाटेवर टिकत नाही. या पट्टीला ‘धाव’ म्हणतात. धाव चढविण्याचे काम मोठे कौशल्याचे असते. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो. मग ती जमिनीवर आडवी ठेवून, तिच्याभोवती गोवऱ्या रचून, लाल होईपर्यंत तापवतो. तापलेले लोखंड प्रसरण पावते. ४ मीटर घेराची धाव ५०० अंश सेल्सियसने तापली, तर तिचा घेर सुमारे २.४ सेंटीमीटरने वाढतो. एवढी वाढ लोहाराला पुरेशी होते. दोघेतिघे सांडशीने ती लाल धाव उचलून चाकावर बसवितात आणि लगेच वरून पाणी ओततात. फस्स असा आवाज होतो, वाफेचे लोट उठतात, लोखंड आकुंचन पावते आणि चाकाचे सारे सांधे आवळले जातात. मग गाडी शेकडो कोस चालली, तरी आरे ढिले होत नाहीत.

आता प्रश्न असा, की हे लोखंड लोहाराकडे येई कोठून? आज पोलादाचे मोठमोठे कारखाने आहेत. परंतु ते नव्हते तेव्हाही आपल्याकडे नांगराचे फाळ होते, कोयते होते, तलवारी होत्या. त्यांचे लोखंड आपल्याच डोंगरांतून निघत असे. माथेरानची तांबडी माती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सह्याद्रीच्या कित्येक माथ्यांवर अशी माती आणि जांभा दगड आढळतो. त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजामुळे आलेला असतो. जेथे या दगडात लोखंडाचे प्रमाण चांगले असे, तेथे तो फोडून, भट्टीत घालून लोखंड काढीत. हे काम करणाऱ्या लोकांना सह्याद्रीच्या पट्ट्यात ‘धावड’ म्हणत. महाबळेश्वरच्या रानात एकोणिसाव्या शतकापर्यंत धावडांच्या भट्ट्या चालू होत्या.

भट्टीत दगडाचे लोखंड कसे होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. लोहखनिजात लोखंड आणि ऑक्सिजन हे एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांची ताटातूट करावयाची, तर ऑक्सिजनला ओढून घेणारा दुसरा कोणीतरी पाहिजे. ते काम कोळसा करतो. मातीच्या उभ्या भट्टीत कोळसा आणि खनिज यांचे थर घालतात आणि खालच्या नळीतून भात्याने सारखी हवा भरतात. जळत्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. तो खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मागे उरते. शुद्ध लोखंड वितळावयास सुमारे १५३८ अंश सेल्सियस उष्णता लागते. एवढी उष्णता या लहान भट्ट्यांत येत नसे. परंतु दगडातील इतर मळ सुमारे १२०० अंशांना पातळ होऊन वाहू लागे. तो थंड झाला म्हणजे काळा, जड, काचेसारखा चकाकणारा दगड होई. त्यालाच लोखंडाचा ‘कीट’ म्हणतात. भट्टीच्या तळाशी स्पंजासारखा सच्छिद्र असा लोखंडाचा लाल गोळा उरे. तो बाहेर काढून, ऐरणीवर ठेवून, घणाचे घाव घालून घट्ट करीत. काही तास अखंड भाता चालविल्यावर एवढेच लोखंड हाती येई. त्यासाठी लोखंडाच्या वजनाच्या कितीतरी पट कोळसा जळत असे.

ही विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नाईकुंड नावाचे गाव आहे. १९७७ नंतरच्या काही वर्षांत तेथे पुराणवस्तुसंशोधकांनी उत्खनन केले. त्यात मातीच्या वक्राकार विटांनी रचलेली लोखंडाची भट्टी, भात्याच्या नळ्या आणि कीट ही सापडली. ती भट्टी सुमारे अडीच हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. तिच्यावर काम करणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांच्या दफनाच्या जागी मोठमोठ्या शिळांची वर्तुळे रचली. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील अशा वर्तुळांची माहिती रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने १८७९ साली प्रसिद्ध केली. विदर्भातील अशा वर्तुळांच्या आत माणसांच्या हाडांबरोबर लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्यांचे लगाम मिळाले आहेत. मेलेल्या माणसाबरोबर त्याचे आप्त लोखंड पुरीत, यावरून त्या काळी ते किती मोलाचे होते, हे दिसून येते.

लोखंडाचा हा इतिहास ऐकताना मध्येच भुताची गोष्ट कशी आली, असे तुम्हांला वाटेल. परंतु लोखंड आणि भूत यांचा संबंध लोकांच्या मनात फार जुना आहे. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता ठेवण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत होती. नवरदेवाच्या हाती कट्यार देतात. घराच्या उंबऱ्याला घोड्याची नाल ठोकतात. या सर्वांमागे एकच समजूत आहे, की भूत लोखंडाला भिते. ही समजूत आपल्याकडेच आहे असेही नाही. युरोपातील खेडुतांनीही आपल्या दारांवर नाला ठोकल्या होत्या.

आणि तरीही दुसऱ्या बाजूस पाहावे, तो लोखंडाच्या जुन्या भट्ट्या म्हणजे भुतांची जणू माहेरघरे! अमेरिकेत अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात स्लॉस नावाच्या मोठ्या भट्ट्या आहेत. १८८२ पासून १९७१ पर्यंत त्या चालू होत्या. पुढे त्यांचे जतन करण्यात आले आणि १९८३ पासून लोक त्या पाहावयास जातात. या भट्ट्यांवर रात्री एका क्रूर मुकादमाचे भूत फिरते आणि मजुरांना ‘कामाला लागा’ असे दरडावते, अशी कथा तेथे सांगतात. भूत जर लोखंडाला भिते, तर लोखंडाच्या भट्टीजवळच ते कसे राहते? हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला, तर त्याला गप्प बसविणे योग्य होणार नाही. त्याचे उत्तर शोधले पाहिजे.

प्रथम डोळ्यांना काय दिसते, ते पाहू. लोखंडाच्या भट्ट्या गावाबाहेर, कोळसा आणि खनिज जवळ मिळेल अशा रानात असत. एकदा पेटविलेली भट्टी मध्येच विझविता येत नसे. म्हणून भाता रात्रीही चाले. दूर खाली असलेल्या वाटेवरून जाणाऱ्या वाटसरूला काळोखात डोंगरावर तांबडा उजेड दिसे. तो वाढे, कमी होई, पुन्हा वाढे. कारण भात्याच्या प्रत्येक फुंकीबरोबर आग भडकते. शिवाय भट्टीच्या तोंडाशी निळसर ज्योती नाचत. वर सांगितलेला कार्बन मोनॉक्साइड वायू हवेत जळतो, तेव्हा त्याची ज्योत निळी असते. कोकणात वेताळाची स्वारी मशाली घेऊन रात्री डोंगरावरून निघते, अशा गोष्टी घरोघरी सांगत. ज्याच्या कानांवर अशा गोष्टी लहानपणापासून पडल्या आहेत, त्याला डोंगरातील तो उजेड कसा वाटेल, याची कल्पना करा. भट्टी काय असते, हे त्याला ठाऊक नाही. वेताळ मात्र ठाऊक आहे. मनुष्य अपरिचित वस्तूचा अर्थ आपल्या परिचयाच्या गोष्टींवरून लावतो.

दुसरे कारण डोळ्यांना न दिसणारे आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. परंतु तो अतिशय विषारी आहे. तो श्वासाबरोबर आत गेला, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो. मग डोके दुखते, छातीवर दडपण येते, भोवळ येते आणि कित्येकदा नसलेले आवाज ऐकू येतात. याविषयी एक चमत्कारिक हकिगत नमूद आहे. अमेरिकेतील विल्यम विल्मर या नेत्रवैद्याने ती १९२१ साली प्रसिद्ध केली. एका कुटुंबाने जुने घर घेतले. थोड्याच दिवसांत घरच्या माणसांना रात्री पावले वाजल्याचा भास होऊ लागला. कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे असे वाटू लागले. मुले फिकट पडली आणि कुंडीतील झाडेही सुकली. घर भुताने पछाडले आहे, अशी त्यांची खात्री होऊ लागली. शेवटी तपासणी केली, तेव्हा घर उबदार ठेवण्यासाठी तळघरात बसविलेली भट्टी बिघडलेली आढळली. तिचा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी घरात पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि भूत नाहीसे झाले! यातून आपणही एक धडा घेतला पाहिजे. थंडीच्या दिवसांत दारेखिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजणे, हे प्राणघातक आहे. उघड्या रानातील भट्टीचा वायू वाऱ्याने पांगतो हे खरे. परंतु भट्टीच्या तोंडाशी वाकून काम करणाऱ्याला तो बाधल्यावाचून राहत नसे.

म्हणजे उजेड खरा होता, भोवळही खरी होती. भूत मात्र मनाने त्यांत घातले होते. तरीसुद्धा आपल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण झाले नाही. कारण भट्ट्या विझून गेल्या, निळ्या ज्योती दिसेनाशा झाल्या, तरी भुताच्या गोष्टी राहिल्याच. असे का व्हावे?

याचे उत्तर मिळविण्यासाठी भट्टीवर राबणाऱ्या माणसांकडे वळले पाहिजे. मध्यप्रदेश आणि छत्तीसगढच्या रानांत अगारिया नावाची आदिवासी जमात आहे. लोखंड गाळणे हा तिचा परंपरागत धंदा. व्हेरिअर एल्विन यांनी या जमातीवर एक ग्रंथ लिहून १९४२ साली प्रसिद्ध केला. अगारियांच्या समजुतीप्रमाणे भट्टीत लोहासुर राहतो, कोळशात कोयलासुर राहतो आणि अग्नीत अग्यासुर राहतो. भट्टी पेटविण्यापूर्वी ते त्यांची पूजा करीत. परक्या मनुष्याला असुर म्हटले म्हणजे भीती वाटते. अगारियाला मात्र लोहासुर आपला वाटतो. तो प्रसन्न असला, तर लोखंड चांगले उतरते; रुसला, तर सगळ्या दिवसाची मेहनत वाया जाते. जो भट्टीवर काम करतो, त्याचा तो देव. जो दुरून पाहतो, त्याचे ते भूत. एकाच आगीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. एकीत ओळख आहे, दुसरीत ओळख नाही, एवढाच काय तो फरक.

मग ही ओळख नाहीशी कशी झाली? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कारखान्यांचे स्वस्त लोखंड जहाजांतून मुंबईस उतरू लागले. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि ते लोखंड देशावर पोहोचविणे सोपे झाले. याच सुमारास, १८६५ आणि १८७८ या साली सरकारने जंगलांचे कायदे केले. पुष्कळ रान राखीव झाले. लाकूड तोडून कोळसा पाडण्यास मनाई झाली, किंवा तो परवडेनासा झाला. आता कोळसा नाही, तर भट्टी नाही. आणि भट्टी नाही, तर धावडाचा धंदा नाही. कोणी मोलमजुरी धरली, कोणी दुसरीकडे निघून गेले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली विद्या काही थोड्या वर्षांत डोंगरावरून नाहीशी झाली. मागे उरले ते काळ्या किटाचे ढीग.

खुद्द पनवेललाही याचा थोडासा अनुभव आला. जी आगगाडी स्वस्त लोखंड घेऊन घाट चढली, तिनेच बैलगाड्यांची वाहतूकही आपल्याकडे ओढून घेतली. परंतु पनवेल हे मोठे गाव होते. त्याची नगरपालिका १८५२ सालीच स्थापन झाली होती. तेथील धंद्यांची नोंद सरकारी ग्रंथांत होत असे. म्हणून पनवेलच्या चाकांची गोष्ट आपल्याला आज सांगता येते. डोंगरावर एकटी असलेली धावडाची भट्टी कोण नोंदविणार? कोणी ती पेटविली, कोणी रात्रभर भाता ओढला, कोणाचा हात भाजला, हे कोठेही लिहिलेले नाही.

अशा ओस पडलेल्या जागी पुढे एखादा गुराखी येतो. त्याला गवतात काळे, वितळून गोठलेले दगड दिसतात. ते आपोआप झालेले नाहीत, हे त्याला कळते. येथे कोणीतरी होते, एवढे निश्चित. पण कोण? सांगणारे कोणी उरलेले नसते. जे काम मनुष्याने केले असे आठवत नाही, ते लोक राक्षसांच्या, पांडवांच्या किंवा भुतांच्या नावावर घालतात. नाशिकजवळची बौद्ध लेणी भिक्षूंसाठी कोरली गेली. त्यांवर दान देणाऱ्यांची नावेही खोदलेली आहेत. तरी ती लिपी वाचता येईनाशी झाली, तेव्हा लोक त्यांना पांडवलेणी म्हणू लागले. भुताच्या गोष्टीचेही असेच असते. तिच्या मुळाशी बहुधा विसरलेला माणूस असतो.

स्लॉसच्या भट्ट्यांची गोष्ट या दृष्टीने पुन्हा पाहा. तो क्रूर मुकादम खरोखर होऊन गेला, याचा पुरावा नाही. परंतु तेथे अतिशय उष्णतेत राबणारे मजूर खरे होते. त्यांत बहुसंख्य काळे लोक होते आणि सर्वांत कष्टाची व धोक्याची कामे त्यांच्या वाट्याला येत. हे मजूर काय सोशीत, ते त्या मुकादमाच्या गोष्टीत भुताचे रूप घेऊन राहिले आहे. गोष्ट खोटी, परंतु तिच्यातील दुःख खोटे नाही.

आता लोखंडाच्या एखाद्या जुन्या जागी तुमची सहल गेली, तर काय पाहावे? प्रथम पायांखाली पाहावे. नेहमीच्या दगडापेक्षा जड आणि काळा, एका बाजूने वाहून गोठल्यासारखा दिसणारा तुकडा आढळला, तर तो कीट असण्याचा संभव आहे. त्यावर बुडबुड्यांची छिद्रे दिसतात. भाजून लाल झालेल्या मातीचे तुकडे दिसले, तर ते भट्टीच्या भिंतीचे असू शकतील. मग सभोवती नजर टाकावी. पाणी किती जवळ आहे? तांबडा दगड कोठे आहे? कोळशासाठी रान कोणत्या बाजूला असेल? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे तेथेच भट्टी का उभारली, हे आपोआप कळते. मात्र एकही तुकडा खिशात घालू नये. कोणती वस्तू कोठे पडली आहे, यावरूनच संशोधक तिचा अर्थ लावतात. जागेवरून हललेला कीट हा नुसता दगड होऊन बसतो.

त्यानंतर जवळच्या गावात जाऊन वृद्ध माणसांना नम्रपणे विचारावे, “आजोबा, त्या टेकडीविषयी काय सांगतात?” ते कदाचित भुताची गोष्ट सांगतील. तिला हसू नये. ती नीट ऐकावी आणि वहीत उतरून घ्यावी. गोष्टीत आगीचा उल्लेख येतो काय? रात्री घणाचा आवाज येतो, असे कोणी म्हणते काय? टेकडीचे, शेताचे किंवा वाडीचे नाव काही सुचविते काय? भुताच्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचेही कारण नाही. ज्या जागेविषयी लेखी कागद नाही, तिच्याविषयी ती गोष्ट हाच कधीकधी पहिला धागा असतो.

भीती ही अज्ञानातून जन्मते, असे आपण नेहमी ऐकतो. जुन्या भट्टीजवळ गेले म्हणजे त्याचा अर्थ स्पष्ट होतो. निळी ज्योत कशाची हे कळले, की वेताळाची मशाल विझते. डोके का गरगरते हे कळले, की पछाडण्याची भीती संपते. आणि येथे हाडामांसाची माणसे भाता ओढीत होती, घामाने निथळत होती, आपल्या लेकरांच्या भाकरीसाठी दगडातून लोखंड काढीत होती, हे कळले, म्हणजे त्या ओसाड जागेचे भय वाटेनासे होते. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ आणि गाडीवानाच्या चाकाची धाव ज्यांच्या कष्टांतून आली, त्यांची नावे आपल्याला आता कळणार नाहीत. परंतु त्यांच्या जागी आपण भूत बसविले, तर त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल. म्हणून अशा ठिकाणी उभे राहिल्यावर “येथे भूत आहे काय?” असे विचारण्याऐवजी “येथे कोण राबत होते?” असे विचारावे.